घावांचं आवर्तन

सोलापूर जिल्ह्यात 'रोटेशन' म्हटलं की लोकांना कालवा आठवतो. उजनीचं आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार, टेलपर्यंत पाणी पोचणार की नाही, याची चर्चा दर उन्हाळ्यात पेपरात असते आणि चहाच्या टपरीवरही. आमच्या वैरागकडे, म्हणजे बार्शी तालुक्यात, भरवसा कालव्यापेक्षा विहिरीवर आणि बोअरवर जास्त. हिशोब मात्र तोच. पाणी मोजकं, लाइट मोजके तास आणि तहानलेली पिकं चार. आधी कांद्याला द्यायचं की द्राक्षाला, आणि किती वेळ, हे ज्याला जमलं त्याचं वर्ष निघालं.

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळणारी मंडळी हाच शब्द वापरतात. तिथे पाण्याच्या जागी ताकद असते आणि पिकांच्या जागी घाव. समोर एक भलामोठा राक्षस उभा आहे, तुमच्यापाशी आठ-दहा बटणं आहेत, प्रत्येकाची किंमत वेगळी आणि परिणाम वेगळा. कुठलं बटण कोणत्या क्रमाने दाबलं तर पाच मिनिटांत जास्तीत जास्त नुकसान होईल? त्या क्रमाला रोटेशन म्हणतात. मी इथे आवर्तनच म्हणणार आहे. शब्द आपल्याकडे आधीपासून आहे, कालव्यातही आणि तबल्यातही.

पबजी खेळून मोठ्या झालेल्यांना हे विचित्र वाटेल. तिथे नेम आणि प्रतिक्रिया महत्त्वाची. इथे राक्षस पळत नाही, नेम धरावा लागत नाही. जो तो अंकगणित करत असतो. आणि यातली गंमत अशी की हे आवर्तन सुरुवातीला कुठल्याही कंपनीने लिहून दिलेलं नव्हतं. खेळणाऱ्यांनीच ते मोजून मोजून शोधलं. त्या शोधाला आता वीस-पंचवीस वर्षं झाली, म्हणजे त्याचा इतिहास लिहायला हरकत नाही. मी लिहितोय हातघाईच्या पात्रांबद्दल. हातघाई म्हणजे शत्रूच्या अंगाला भिडून तलवारी-खंजिरांनी लढणारे. लांब उभं राहून मंत्र फेकणाऱ्यांचा इतिहास वेगळा, आणि तो इथे एकाच ठिकाणी डोकावेल.

एक उदाहरण नीट समजून घेतलं की बाकी सोपं जातं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा खेळ अमेरिकेत २३ नोव्हेंबर २००४ ला आला. त्यात रोग नावाचं पात्र आहे: दोन हातांत दोन शस्त्रं घेऊन पाठीमागून वार करणारा भुरटा. (देवनागरीत लिहिलं की आजार वाटतो, त्याला इलाज नाही.) जुन्या आवृत्तीत त्याच्याकडे १०० एनर्जीची टाकी असते. ती सेकंदाला सरासरी १० या वेगाने भरते. सिनिस्टर स्ट्राइक हा साधा वार ४५ एनर्जी खातो आणि एक कॉम्बो पॉइंट देतो. असे पाचपर्यंत पॉइंट साठवायचे आणि मग एखाद्या मोठ्या चालीत खर्च करायचे. त्यातली एक चाल म्हणजे स्लाइस अँड डाइस. किंमत २५ एनर्जी. ती वापरली की काही काळ तुमची शस्त्रं आपोआप जास्त वेगाने चालतात. एका पॉइंटाला ९ सेकंद, पुढच्या प्रत्येक पॉइंटाला ३ सेकंद जास्त, म्हणजे पाचांना २१.

आता वहीचं पान घ्या. पाच पॉइंट साठवायला २२५ एनर्जी, वर चालीचे २५, एकूण २५०. पण २१ सेकंदांत टाकीत येणार २१०. म्हणजे इतर कौशल्यांची मदत नसेल तर पाच-पाच पॉइंटांची स्लाइस अँड डाइस अखंड चालू ठेवणं गणितातच बसत नाही. दोन पॉइंटांची बसते: ११५ खर्च, १२ सेकंदांत १२० जमा. पण मग सगळं पाणी एकाच पिकाला गेलं. एका पॉइंटाची केली तर ९ सेकंदांत ९० जमा, ७० खर्च, २० शिल्लक. ही शिल्लक साठवून मध्येच रप्चर नावाची रक्तस्रावाची मोठी चाल बसवता येते. पहिला पॉइंट एकटा ९ सेकंद देतो आणि नंतरचे चार मिळून १२ देतात, हे ज्याने पहिल्यांदा हेरलं असेल त्याला त्या रात्री झोप लागली नसेल.

नंतर २००७ साली बर्निंग क्रूसेड हा विस्तार आला आणि या हिशोबांना नावं पडली. रोग खेळणारे '५एस/५आर' किंवा '३एस/५आर' असं लिहायचे. पाच किंवा तीन पॉइंटांची स्लाइस, मग पाचाची रप्चर, पुन्हा पहिल्यापासून. तबल्याचे बोल लिहावेत तशी ही लिपी. बाहेरच्या माणसाला काही कळू नये आणि आतल्याला एका ओळीत सगळं कळावं.

पण हे आकडे आले कुठून? याचं मूळ बरंच मागे आहे. १८२४ साली प्रशियाच्या लष्करात फॉन रायस्विट्झ या तरुण अधिकाऱ्याने नकाशावर खेळायचा युद्धखेळ नियमबद्ध केला. वडिलांनी सुरू केलेलं काम त्याने पुढे नेलं. कोणती तुकडी किती अंतरावरून भिडली, की किती माणसं पडतील, हे तो फाशांनी आणि तक्त्यांनी ठरवायचा. मृत्यूला संभाव्यतेच्या कोष्टकात बसवण्याची ही रीत पुढे हौशी युद्धखेळ खेळणाऱ्यांच्या हाती आली, आणि १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स छापला. त्यातली चिलखताची संख्या आणि जीवाची संख्या आर्नेसनने जहाजांच्या लढाईच्या नियमांतून उचलली होती. आज फोनवरच्या खेळात राक्षसाच्या डोक्यावर जी लाल पट्टी दिसते ती वंशावळीने एका लोखंडी युद्धनौकेची आहे.

१९७८ मध्ये ब्रिटनमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी मड हा अनेकांनी एकत्र खेळायचा, निव्वळ अक्षरांचा खेळ केला. १९९१ च्या आसपास कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी डिकूमड लिहिला. त्यात डंजन्स अँड ड्रॅगन्सचे फासे संगणक टाकायचा. १९९९ च्या मार्चमध्ये आलेला एव्हरक्वेस्ट खेळताना डिकूमडची इतकी आठवण यायची की त्याच्या निर्मात्यांना आपण तो कोड वापरलेला नाही असं लेखी जाहीर करावं लागलं. आपल्या कामाच्या दृष्टीने एव्हरक्वेस्टची एक गोष्ट महत्त्वाची: लढाईतली प्रत्येक ओळ एका फाइलमध्ये साठवता यायची. अमुकने तमुकला इतक्याचा वार केला, अमुकचा वार हुकला, अशा हजारो ओळी. लोक ती फाइल छोट्या प्रोग्रॅममधून गाळून काढायचे. माझ्या नोकरीत आम्ही सर्व्हरच्या लॉगचं जे करतो तेच, फक्त पगाराशिवाय.

वॉरक्राफ्टने या मंडळींना मोठं मैदान दिलं. खेळ तुम्हाला आकडा दाखवायचा, पण आकड्यामागचा नियम सांगायचा नाही. वार हुकण्याची शक्यता किती? राक्षस तुमच्याहून तीन पातळ्या वरचा असेल तर किती वाढते? पाठीमागे उभं राहिलं तर काय बदलतं? यातलं काही पुस्तिकेत नव्हतं. शहरात सरावाचे पुतळे आले ते २००८ मध्ये. त्याआधी ब्लास्टेड लँड्स नावाच्या ओसाड भागात न मरणारे काही राक्षस होते. लोक त्यांच्यासमोर तासनतास उभे राहून वार मोजत. आपल्याकडच्या तालमीत मल्लखांबाशी झटणारे असतात, तसे. फरक इतकाच की इथे घाम निघत नव्हता, दशांश चिन्हं निघत होती.

त्या मोजणीतून काय काय बाहेर आलं! दोन हातांत दोन शस्त्रं घेतली की मोठ्या राक्षसावर आपोआप होणाऱ्या वारांपैकी साधारण चारात एक हुकतो. बटण दाबून केलेला विशेष वार मात्र बारात एकदाच हुकतो. पाठीमागून मारलं तर राक्षस वार अडवू शकत नाही, म्हणून हातघाईवाल्याने राक्षसाच्या शेपटीकडेच उभं राहावं. ड्रुइड नावाचं पात्र मांजराचं रूप घेऊन लढतं. त्याच्या खेळाडूंनी शोधलं की मांजरीतून माणसात आणि लगेच परत मांजरीत गेलं की एका कौशल्यामुळे ४० एनर्जी फुकट मिळते. वुल्फ्सहेड हेल्म या चामड्याच्या टोपीने त्यात आणखी २० पडते. ती टोपी ४० व्या पातळीवरच्या खेळाडूसाठी होती. तरी ६० व्या पातळीला पोचलेले, अंगावर बाकी सगळी भारी चिलखतं असलेले ड्रुइड डोक्यावर ती जुनी टोपीच ठेवायचे. खेळ घडवणाऱ्यांच्या डोक्यात हा वापर असेल असं मला वाटत नाही. २००८ च्या विस्तारात कंपनीने ते कौशल्यच बदलून टाकलं आणि ही युक्ती संपली.

असल्या शोधांचं माहेरघर म्हणजे एलिटिस्ट जर्क्स ही मंडळी. नावातच माज आहे, आणि तो होताच. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, 'मला वाटतं' असं लिहायचं नाही, सूत्र मांडा नाहीतर गप्प बसा. या कामाला लोक थिअरीक्राफ्ट म्हणत. शब्द स्टारक्राफ्ट खेळणाऱ्यांकडून आलेला. तिथल्या रोगच्या एक्सेल पत्रकात शस्त्राचा वेग, चिलखत, कौशल्यं सगळं भरलं की खाली सेकंदाला किती नुकसान ते यायचं. या मंडळींचा म्होरक्या इयन हाझिकोस्टास पेशाने वकील होता. तो २००८ मध्ये ब्लिझार्डमध्ये नोकरीला लागला आणि २०१६ मध्ये त्याच खेळाचा मुख्य दिग्दर्शक झाला. टेलच्या शेतकऱ्याला पाटबंधारे खात्याचा मुख्य अभियंता केल्यासारखं आहे हे.

मला ही माणसं वाचताना देवळालीचे द. रा. कापरेकर आठवतात. शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात आकड्यांशी खेळायचे. कोणताही चार अंकी आकडा घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, पुन्हा तेच करा. शेवटी ६१७४ येतो. हे त्यांनी १९४९ मध्ये शोधलं. इथल्या विद्यापीठीय गणितज्ञांनी बराच काळ लक्ष दिलं नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा जगाला कळलं. उपयोग काय, हा प्रश्न कापरेकरांनाही विचारला गेला असणार. ड्रुइडच्या टोपीचा शोध लावणाऱ्याला तर नक्कीच, आणि तोही घरच्यांकडून.

एक्सेलची पत्रकं मात्र हळूहळू कमी पडायला लागली. कारण होतं नशीब. बर्निंग क्रूसेडमधल्या रोगला कॉम्बॅट पोटेन्सी नावाचं कौशल्य मिळालं: डाव्या हातातलं शस्त्र लागलं की २० टक्के शक्यतेने १५ एनर्जी फुकट. जोडीला जुनंच रुथलेसनेस होतं: मोठी चाल संपली की ६० टक्के शक्यतेने एक पॉइंट लगेच हातात. आता टाकी किती वेगाने भरेल हे वाराच्या वेगावर, वाराचा वेग स्लाइस अँड डाइसवर, आणि स्लाइस अँड डाइस पुन्हा टाकीवर. सरासऱ्या काढून सूत्र मांडता येतं, पण ते खोटं पडायला लागतं. विहिरीला झरा किती हे माहीत नसताना पाण्याचं वेळापत्रक करण्यासारखं.

यावरचा उपाय १९४६ सालचा होता. स्टॅनिस्लॉ उलाम हा गणितज्ञ आजारातून उठताना पत्त्यांचा सॉलिटेअर खेळत बसला होता. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढायचा प्रयत्न करून तो कंटाळला. मग त्याला सुचलं की शंभर डाव प्रत्यक्ष मांडावेत आणि किती सुटले ते मोजावेत. तो आणि फॉन नॉयमन अणुबॉम्बच्या प्रकल्पातले सहकारी. त्यांनी ही कल्पना न्यूट्रॉनांच्या हिशोबाला लावली आणि तिला माँटे कार्लो हे नाव पडलं, जुगाराच्या गावावरून. साठेक वर्षांनी सिम्युलेशनक्राफ्ट या मुक्त प्रोग्रॅमने तीच कल्पना खेळात परत आणली. सी++ मध्ये लिहिलेला हा प्रोग्रॅम अख्खी लढाई हजारो वेळा स्वतःशीच लढतो आणि सरासरी सांगतो. त्याला ठरलेला क्रम द्यावा लागत नाही, प्राधान्याची यादी द्यावी लागते: स्लाइस अँड डाइस संपत आली असेल तर ती, नाहीतर पाच पॉइंट असतील तर रप्चर, नाहीतर साधा वार. प्रत्येक क्षणी वरून खाली वाचायचं आणि पहिलं लागू पडेल ते करायचं.

इथे आवर्तन या शब्दाचा अर्थच बदलला. गोल फिरणारा ठरीव फेरा गेला, अटींची उतरंड आली. नाव तेवढं जुनं राहिलं. मी पहिल्या वर्षाला प्रायॉरिटी क्यू शिकलो तेव्हा मला तो आधीच येत होता. कॉलेजने फक्त परीक्षा घेतली.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती. सिम्युलेशनक्राफ्टमधली नेहमीची लढाई साधारण ३०० सेकंदांची असते आणि तिचं नाव पॅचवर्क. पॅचवर्क हा २००६ मध्ये आलेल्या नॅक्सरमास या मोहिमेतला राक्षस. तो जागचा हलत नाही, आग ओकत नाही, माणसांना पळवत नाही, नुसता उभा राहून मारतो आणि मार खातो. म्हणून मोजायला सोयीचा. जगभर ज्या आवर्तनाला 'सर्वोत्तम' म्हणतात ते बहुतेक वेळा या न हलणाऱ्या राक्षसासमोर, न चुकणाऱ्या खेळाडूने केलेलं असतं.

तो खेळाडू राहतो कुठे? सर्व्हरच्या शेजारी. निदान वापरणारे तसं धरून चालतात. प्रोग्रॅम लिहिणारे खरं तर शहाणे होते. त्यांनी विलंबासाठी वेगळे पर्याय ठेवले, त्यातल्या एकाचं नावच वर्ल्ड लॅग. खेळाडूचं कौशल्य कमी-जास्त करायचाही आकडा ठेवला. पण आकडे आयते घेणारे त्या ओळींना हात लावत नाहीत. रेडबॉट्स या संकेतस्थळावर पात्र निवडायचं, बटण दाबायचं, उत्तर घ्यायचं. त्या उत्तरात वैराग कुठे येतच नाही.

वॉरक्राफ्टचा सर्व्हर भारतात नाही. २००० च्या दशकात रॅग्नारोक ऑनलाइन या कोरियन खेळाची भारतासाठीची वेगळी आवृत्ती शहरांतल्या सायबर कॅफेंत चालत होती, पण वॉरक्राफ्टसाठी इथल्या माणसाला युरोप नाहीतर ऑस्ट्रेलिया-अमेरिका गाठावी लागते. मुंबई ते पॅरिस सरळ रेषेत सुमारे ७,००० किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला जवळपास दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन-येऊन ७० मिलिसेकंद तर निसर्गनियमानेच गेले, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. समुद्रातून वळसे घेते. त्यात मुंबईपासून सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावापर्यंतचा प्रवास, त्यात मोबाइलचा टॉवर. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मी वर्षभर वैरागच्या घरून काम केलं आणि रात्री खेळलो. पिंग १८० च्या खाली आलेला मला आठवत नाही. टॉवरवर गर्दी असली की ३००.

या १८० मिलिसेकंदांचा परिणाम सगळ्या पात्रांवर सारखा होत नाही, आणि हे मला फार सुंदर वाटतं. मंत्रवाल्याचं बघा. जुन्या खेळात मंत्राची पट्टी सर्व्हरने होकार दिल्यावर सुरू व्हायची. अडीच सेकंदांचा मंत्र प्रत्येक वेळी २.६८ सेकंदांचा झाला. ३०० सेकंदांत १२० मंत्रांऐवजी १११. सात टक्के शेत कोरडं. लोकांनी क्वार्ट्झ नावाचं अॅडऑन बनवलं, ते पट्टीच्या शेवटी लाल भाग दाखवायचं: इथे आलास की पुढचं बटण आधीच दाब. पुढे कंपनीनेच सोय केली. आता चालू चाल संपायच्या ४०० मिलिसेकंद आधीपर्यंत दाबलेलं बटण रांगेत लागतं.

वॉरियरचं आणखी वेगळं. जुन्या आवृत्तीत दोन शस्त्रांच्या वॉरियरपाशी एक चलाखी होती. हिरोइक स्ट्राइक हा पुढच्या वारासाठी 'लावून' ठेवायचा असतो. तो लावलेला असेपर्यंत डाव्या हाताचे वारही बारात एक या दराने हुकतात, चारात एक या दराने नाही. म्हणून तो लावायचा, डावा हात चालू द्यायचा, आणि उजवा हात चालायच्या ऐन आधी रद्द करायचा. डाव्या हाताला फायदा फुकट, ताकद खर्च शून्य. सर्व्हरजवळच्या माणसाला हे जमतं. वैरागहून मला दिसणारा उजवा हात हा भूतकाळातला उजवा हात असतो, आणि माझं रद्द करणं पोचतं तेव्हा वार होऊन गेलेला असतो.

आणि रोग? रोगला दर वारासाठी ४५ एनर्जी लागते, ती जमायला साडेचार सेकंद. टाकी १०० ची आहे. माझं बटण दोन दशांश सेकंद उशिरा पोचलं तर एनर्जी वाया जात नाही, टाकीतच थांबते. टाकी वाहू दिली नाही म्हणजे झालं. त्याच्या नुकसानाचा मोठा वाटा आपोआप होणाऱ्या वारांचा असतो, आणि ते वार सर्व्हर स्वतः करतो, तिथल्या तिथे. माझ्या केबलशी त्यांचा संबंध नाही. म्हणजे पुस्तकात वॉरियर पहिला असला तरी १८० मिलिसेकंदांवर बसलेल्या माणसासाठी रोग हे कोरडवाहू जमिनीतल्या ज्वारीसारखं पीक आहे. हे उत्तर मला कुठल्या मार्गदर्शिकेत मिळालं नाही. मी सिम्युलेटर उतरवून घेतला, विलंबाचे आकडे बदलले आणि दोन रात्री लॅपटॉप तापवला.

हे कळण्याची गरज का पडली तेही सांगतो. त्या काळात वॉरक्राफ्ट लॉग्ज या संकेतस्थळावर प्रत्येकाची कामगिरी टक्क्यांत आणि रंगांत दिसायची: करडा, हिरवा, निळा, जांभळा, केशरी. मी वॉरियर खेळत होतो आणि निळ्यावर अडकलो होतो. एका युरोपीय गिल्डने मला आठ आठवडे ठेवलं आणि मग एका सभ्य निरोपात कळवलं की जागा मर्यादित आहेत. त्यांच्यासमोर जो तक्ता होता त्यात शस्त्रं होती, वारांची संख्या होती, हुकलेल्या वारांची टक्केवारी होती. पिंगचा रकाना नव्हता. त्यांच्या जागी मी असतो तरी तोच निर्णय घेतला असता. तक्त्यात जे दिसतं त्यावरच माणूस बोलतो. टेलच्या शेतकऱ्याचं उत्पादन कमी आलं की त्याला शेती जमत नाही असं म्हणायला कुणाला कालवा बघायची गरज नसते.

रोग घेऊन दुसऱ्या गिल्डमध्ये गेलो. तिथे जांभळ्यात आलो, आणि तिथे कुणी काही विचारलं नाही.

तो खेळ होता वॉरक्राफ्ट क्लासिक, म्हणजे जुन्या खेळाची २७ ऑगस्ट २०१९ ला काढलेली नवी प्रत. इतिहासकाराला असा प्रयोग क्वचित मिळतो. तीच लढाई, तोच रॅग्नारोस नावाचा आगीचा राक्षस, पंधरा वर्षांच्या अंतराने. पहिल्या खेपेला त्याला मारायला जगातल्या सगळ्यात तरबेज मंडळींना सुमारे पाच महिने लागले होते. २०१९ मध्ये तो एका आठवड्याच्या आत पडला. नवी प्रत २००६ च्या आकड्यांवर बेतलेली, त्यामुळे थोडी सोपी होती, हे मान्य. पण खरा फरक माणसांच्या डोक्यात होता. २००५ मध्ये वॉरियरने ढाल धरून मार खायचा असतो अशी समजूत होती. २०१९ मध्ये त्याच वॉरियरच्या हातात दोन तलवारी होत्या आणि मोहिमेत तेच सगळ्यात जास्त. खेळ तोच, आवर्तन नवं.

याची दुसरी बाजू मला आवडत नाही. सगळ्यांना उत्तर माहीत असलं की चुकीचं उत्तर देणारा अडाणी ठरतो. ब्लास्टेड लँड्समध्ये राक्षसासमोर तासनतास उभ्या राहिलेल्या माणसाला कुतूहल होतं. त्याचे आकडे वापरणाऱ्याला फक्त रंग हवा असतो. हे कुठल्याही विद्येचं होतं म्हणा. कुस्तीत नवा डाव कुणी काढला हे विसरलं जातं आणि तो न येणाऱ्या पोराला वस्ताद शिव्या घालतो.

ही विद्या आता फोनवर आली आहे. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या गेन्शिन इम्पॅक्टमध्ये केचिंग नावाची तलवारवाली मुलगी आहे. सुरुवातीला ती कमकुवत म्हणून हिणवली गेली, तेव्हा तिच्या चाहत्यांनी एकत्र येऊन तिचं आवर्तन बसवलं, आणि केचिंगमेन्स हा त्यांचा गट पुढे त्या अख्ख्या खेळाच्या हिशोबाचं ठिकाण बनला. तिथेही माँटे कार्लो चालवणारा प्रोग्रॅम आहे, जीसीसिम. वैरागला माझा मामेभाऊ अकरावीत आहे. फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानावर त्याने केचिंगच्या वारांचे सेकंद लिहून ठेवलेत. आशियाचा सर्व्हर त्याला युरोपाहून जवळ पडतो, एवढं त्याचं नशीब माझ्यापेक्षा बरं.

जून २०२५ मध्ये वॉरक्राफ्टनेच एक बटण दिलं. तेच दाबत राहायचं, पुढचा घाव कुठला ते खेळ ठरवतो. वीस वर्षं लोकांनी जे मोजून काढलं ते आता आतच बसवलेलं आहे. फुकट नाही, हे बटण वापरलं की प्रत्येक चालीनंतर ०.२ सेकंद जास्त थांबावं लागतं. हाताने खेळणाऱ्याचा मान राहावा म्हणून हा दंड.

मामेभावाला हे सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "दादा, ०.२ म्हंजे २०० मिलिसेकंद का?"

"हो."

"मग आपल्याला तर बटण न दाबताच बसलाय की दंड. तेवढं वजा करून द्याय पायजे त्यांनी."

तसं ते अगदी बरोबर नव्हतं. आता ४०० मिलिसेकंदांची रांग असते, त्यात १८० चा विलंब बराचसा जिरून जातो. अडचण होते ती टॉवरवर गर्दी होऊन पिंग वर-खाली नाचायला लागला की. मी त्याला वहीवर आकृती काढून हे समजावत होतो, तेवढ्यात लाइट गेली.